ईआर, पीआर, हर-टू, की-६७: कर्करोगाच्या अहवालातील प्रथिनांची ओळ कशी वाचावी

बायोप्सीचा किंवा शस्त्रक्रियेनंतरचा पॅथॉलॉजी अहवाल हातात पडला की नजर आधी गाठीच्या आकारावर आणि आजाराच्या टप्प्यावर जाते. त्याखाली ईआर, पीआर, हर-टू, की-६७, ई-कॅडहेरिन, पीडी-एल१ अशी नावे असतात, त्यांच्यापुढे टक्के, अधिकची चिन्हे किंवा ‘पॉझिटिव्ह’, ‘लॉस्ट’ असे शब्द असतात, आणि बहुतेक वेळा ती ओळ न उमगताच कागद फाईलमध्ये जातो. ही सगळी प्रथिने आहेत. ईआर आणि पीआर म्हणजे इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचा संदेश पकडणारी प्रथिने, म्हणजेच त्यांचे ‘ग्राहक’. गाठ आपली जागा सोडेल का, दुसऱ्या अवयवात रुजेल का, उपचार संपल्यावर आजार पुन्हा उलटेल का, या प्रश्नांच्या उत्तराचा काही भाग या ओळीत असतो. उपचाराचा निर्णय कर्करोगतज्ज्ञांनीच करायचा असतो, पण ही ओळ वाचता आली तर त्यांच्यासमोर बसल्यावर नेमके काय विचारायचे ते कळते, आणि भेटीच्या त्या थोड्या मिनिटांचे चीज होते.

प्रत्येक नावापुढे त्याचे काम लिहा

अहवालाची एक प्रत काढून पेन्सिल घ्यावी आणि प्रत्येक प्रथिनापुढे तीनपैकी एक शब्द लिहावा: ‘ओळख’, ‘वाटचाल’ किंवा ‘औषध’. काही प्रथिने गाठ कोणत्या जातीची आहे एवढेच सांगतात, ती ओळखीची. काही प्रथिनांवरून आजार किती वेगाने वाढेल किंवा परत येईल याचा अंदाज बांधता येतो, ती वाटचालीची. काहींवरून विशिष्ट औषध लागू पडेल की नाही ते ठरते, ती औषधाची. एखाद्या नावापुढे दोन शब्द येऊ शकतात, आणि वर्षे उलटतील तसा शब्द बदलूही शकतो.

हर-टू, म्हणजे पेशीच्या कडेवर बसून वाढीचा संदेश आत पोहोचवणारे प्रथिन, हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. १९८७ साली डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या १८९ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या गाठींत हर-टू जनुकाच्या प्रती वाढलेल्या होत्या, त्या रुग्णांमध्ये आजार लवकर उलटत होता आणि आयुर्मान कमी होते. त्या वेळी हर-टू हे केवळ वाईट वाटचालीचे चिन्ह होते. १९९८ साली याच प्रथिनाला चिकटणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि त्याच नावापुढे ‘औषध’ हा शब्द लिहिता येऊ लागला. ‘हर-टू पॉझिटिव्ह’ हे शब्द वाचून घाबरलेल्या घरच्यांना मी हाच इतिहास आधी सांगतो, कारण जुन्या माहितीतला अर्थ आणि आजचा अर्थ यांत फार मोठे अंतर पडले आहे.

गाठीपासून दूरच्या अवयवापर्यंतची वाट

प्रथिनांची नावे सुटी पाठ करू नयेत. कर्करोगाची पेशी मूळ जागेवरून निघून दूर जाऊन रुजेपर्यंत जी वाट चालते, त्या वाटेवर ती बसवावीत, म्हणजे ती लक्षात राहतात.

पहिला टप्पा शेजाऱ्यांचा हात सोडण्याचा. अवयवांच्या अस्तरातील पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात आणि ही पकड मुख्यतः ई-कॅडहेरिन या प्रथिनाची असते. पेशीने हे प्रथिन कमी करून व्हायमेंटिन, एन-कॅडहेरिन यांसारखी सुट्या, फिरत्या पेशींची प्रथिने बनवायला सुरुवात केली, तर तिला सुटून निघणे सोपे होते. हा बदल स्नेल, ट्विस्ट, झेब या प्रथिनांच्या हुकमाने होतो. अहवालात मात्र ‘ई-कॅडहेरिन निगेटिव्ह’ दिसले की आजार पसरलाच असे समजू नये. स्तनाच्या लोब्युलर प्रकारच्या कर्करोगात हे प्रथिन बहुधा नसतेच, आणि तो प्रकार ओळखण्यासाठीच ही चाचणी केली जाते. म्हणजे इथे पेन्सिलीने ‘ओळख’ लिहायचे.

दुसरा टप्पा कुंपण तोडण्याचा. अस्तराखाली एक पातळ पडदा असतो आणि त्याचा मुख्य धागा चौथ्या प्रकारचे कोलॅजन हा आहे. एमएमपी-२ आणि एमएमपी-९ ही विकरे (एन्झाइम) हा धागा कापतात. वाढत्या गाठीला रक्तपुरवठाही लागतो. गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून आणते ही कल्पना ज्यूडा फोकमन यांनी १९७१ साली मांडली, आणि हे काम करणारे प्रमुख प्रथिन व्हीईजीएफ आहे हे पुढे सिद्ध झाले. त्याला अडवणारे बेव्हासिझुमॅब हे औषध २००४ साली पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्य झाले.

तिसरा टप्पा मला सर्वांत विलक्षण वाटतो. रक्तात शिरलेली पेशी वाटेल तिथे रुजत नाही. स्टीफन पॅजेट या ब्रिटिश शल्यविशारदाने १८८९ साली स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. यकृतासारखे काही अवयव पुन्हा पुन्हा आजाराच्या वाट्याला येतात, तर प्लीहेसारखे काही जवळजवळ सुटतात, असे त्याला आढळले. बी सगळीकडे उडते, पण मानवेल त्याच जमिनीत उगवते, असा त्याचा निष्कर्ष होता. या जमिनीचा अर्थ पुढे प्रथिनांच्या भाषेत उलगडू लागला. २००१ साली स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर सीएक्ससीआर४ हा ग्राहक भरपूर असल्याचे दाखवले गेले. त्याला आकर्षित करणारे सीएक्ससीएल१२ हे प्रथिन फुप्फुस, यकृत, अस्थिमज्जा आणि लसीका ग्रंथी यांत मुबलक असते, म्हणजे नेमके हा कर्करोग जिथे जातो तिथेच.

हाडात पोहोचलेली पेशी तर तिथल्या जमिनीलाच राबवून घेते. ती पीटीएचआरपी हे प्रथिन सोडते, त्यामुळे हाड बनवणाऱ्या पेशी रँक-लिगँड जास्त बनवतात, त्याने हाड झिजवणाऱ्या पेशी चेततात, आणि झिजणाऱ्या हाडातून टीजीएफ-बीटा सुटून कर्करोगाच्या पेशींनाच खतपाणी मिळते. हाडात आजार गेलेल्या रुग्णाला डेनोसुमॅबचे इंजेक्शन का देतात, याचे उत्तर या साखळीत आहे, कारण ते रँक-लिगँडलाच बांधून ठेवते आणि त्यामुळे हाड मोडण्याचा धोका कमी होतो.

यांतील एमएमपी, सीएक्ससीआर४, टीजीएफ-बीटा ही नावे नेहमीच्या अहवालात सहसा दिसणार नाहीत, आणि ती दिसली नाहीत म्हणून तपासणी अपुरी झाली असे मानू नये. प्रसार समजून घ्यायला उपयोगी पडणारे प्रत्येक प्रथिन एका रुग्णाच्या उपचाराचा निर्णय घ्यायला उपयोगी असतेच असे नाही.

काचपट्टीवर प्रत्यक्षात काय दिसते

अहवालातला आकडा कुठून येतो हे पाहिल्याशिवाय त्याचे वजन कळत नाही. काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टिकवतात, मेणात बसवून ठोकळा करतात, त्याचे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतके पातळ काप काचपट्टीवर घेतात आणि त्यांवर विशिष्ट प्रथिनालाच चिकटणारे प्रतिपिंड सोडतात. प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग चढतो, बाकीचे केंद्रके निळसर राहतात. ईआरसाठी पाहिलेल्या काचपट्टीवर तपकिरी रंग पेशीच्या केंद्रकात दिसतो, भिजलेल्या मिरीच्या दाण्यांसारखा. हर-टूच्या काचपट्टीवर तोच रंग पेशीच्या कडेने फिरतो आणि तीव्र असेल तेव्हा पेशींभोवती कुंपणाची जाळी विणल्यासारखी दिसते. हा रंग सूक्ष्मदर्शकाखाली माणूस पाहतो, मोजतो आणि त्याचा आकडा लिहितो.

म्हणून तुकडा कसा हाताळला गेला याला फार महत्त्व आहे. स्तनाच्या कर्करोगासाठीच्या प्रचलित मार्गदर्शक सूचनांनुसार शरीराबाहेर काढलेला तुकडा तासाभराच्या आत फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा, आणि त्यात तो किमान ६ व जास्तीत जास्त ७२ तास राहायला हवा. तुकडा कोरडा पडून राहिला तर असलेले प्रथिन नसल्यासारखे दिसू शकते. हाडाच्या तुकड्यातील चुना काढण्यासाठी तीव्र आम्ल वापरले तरी हेच घडते. ‘निगेटिव्ह’ असा निकाल आला आणि तो गाठीच्या बाकीच्या स्वरूपाशी जुळत नसेल, तर शेजारच्या निरोगी पेशींवर अपेक्षित रंग आला होता का, हे विचारणे अगदी रास्त आहे. तो रंग आलाच नसेल तर चाचणीच नीट झालेली नाही. आपला मेणाचा ठोकळा कुठे ठेवला आहे आणि तो दुसऱ्या प्रयोगशाळेला कसा पाठवता येतो, हेही सुरुवातीलाच विचारून लिहून ठेवावे. पुढे नवी चाचणी करायची वेळ आली तर तोच कामी येतो.

आकडे वाचताना

समजा अहवालात लिहिले आहे: ‘ईआर: ऑलरेड ८/८, पीआर: ऑलरेड ५/८, हर-टू: २+, की-६७: १८ टक्के.’ ऑलरेडच्या गुणांत किती पेशी रंगल्या याचे ० ते ५ आणि रंग किती गडद याचे ० ते ३ गुण मिळवलेले असतात, म्हणून ८ म्हणजे दोनतृतीयांशाहून अधिक पेशी गडद रंगलेल्या. काही ठिकाणी थेट टक्के देतात. तिथे १ टक्का किंवा अधिक म्हणजे पॉझिटिव्ह, पण १ ते १० टक्क्यांच्या गाठींना आता ‘लो पॉझिटिव्ह’ असे वेगळे म्हणतात, कारण त्यांचे वागणे अनेकदा निगेटिव्ह गाठींच्या जवळ जाते आणि हार्मोनच्या औषधाचा त्यांना किती लाभ होतो याबद्दलचा पुरावा मर्यादित आहे. ईआरपुढे ‘वाटचाल’ आणि ‘औषध’ हे दोन्ही शब्द लिहावेत.

हर-टू २+ हा निकाल अर्धवट असतो. ० आणि १+ म्हणजे पारंपरिक अर्थाने निगेटिव्ह, आणि १० टक्क्यांहून अधिक पेशींभोवती पूर्ण व गडद कडा असेल तर ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ आल्यावर जनुकाच्या प्रती मोजणारी ‘फिश’ ही चाचणी व्हावीच लागते, आणि तिचा निकाल येईपर्यंत ‘हर-टू आहे’ किंवा ‘नाही’ असे कोणीही धरून चालू नये. १+ आणि फिश निगेटिव्ह असलेल्या २+ गाठींना ‘हर-टू लो’ म्हणतात. पसरलेल्या आजारात या गटासाठी २०२२ साली ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकन या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाल्यापासून ० आणि १+ यांतला पूर्वी दुर्लक्षिला जाणारा फरक मोलाचा झाला आहे.

की-६७ बद्दल मात्र मी सावधपणे बोलेन. विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींतच हे प्रथिन सापडते, म्हणून त्याचा टक्का म्हणजे वाढीच्या वेगाचा अंदाज. त्याच्या नावातला ‘की’ हा जर्मनीतल्या कील या शहरावरून आला आहे, जिथे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा प्रतिपिंड तयार झाला. अडचण अशी आहे की एकाच काचपट्टीवर दोन तज्ज्ञांची मोजणी वेगळी येते. या विषयावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या मते ५ टक्के किंवा कमी आणि ३० टक्के किंवा जास्त या टोकांवर विश्वास ठेवता येतो, मधल्या पट्ट्यात तेवढा नाही. त्यामुळे आपल्या उदाहरणातल्या १८ टक्क्यांवर एकट्याने काही ठरत नाही, आणि दुसऱ्या प्रयोगशाळेने २४ सांगितले म्हणून आजार वाढला असा अर्थही होत नाही.

आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगात एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६ या चार प्रथिनांची ओळ असते. ही डीएनएमधील चुका दुरुस्त करणारी प्रथिने आहेत, आणि इथे ‘लॉस्ट’ हा शब्द वाचून मनात जी धास्ती भरते ती बहुधा अकारण असते. आतड्याच्या दुसऱ्या टप्प्यातील कर्करोगात ही दुरुस्ती बंद पडलेल्या गाठी उलट कमी वेळा परततात, नुसत्या फ्लोरोयुरॅसिलच्या केमोथेरपीचा त्यांना लाभ दिसलेला नाही, आणि पसरलेल्या आजारात त्यांना प्रतिकारशक्ती जागवणारी औषधे चांगली लागू पडतात. एमएलएच१ आणि पीएमएस२ ही जोडी एकदम नाहीशी झाली असेल तर कारण बहुतेक वेळा गाठीपुरतेच असते. एमएसएच२ आणि एमएसएच६ गेली असतील तर लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषाची शक्यता मोठी असते, आणि मग भावंडांच्या व मुलांच्या तपासणीबद्दल जनुकीय समुपदेशकांशी बोलणे लांबणीवर टाकू नये.

पीडी-एल१ या प्रथिनाच्या आडोशाने गाठ प्रतिकारशक्तीपासून लपते. त्याचा आकडा वाचताना मोजपट्टी कोणती आहे ते पाहावे. ‘टीपीएस’मध्ये फक्त कर्करोगाच्या पेशी मोजतात आणि तो टक्का असतो, ‘सीपीएस’मध्ये भोवतालच्या प्रतिकारपेशीही धरतात आणि तो टक्का नसतो. प्रतिपिंडही निरनिराळे असतात, त्यामुळे दोन रुग्णांच्या पीडी-एल१ ची तुलना करण्यात अर्थ नाही.

आजार उलटण्याचा धोका आणि काळ

धोका किती आहे याइतकेच तो केव्हा आहे हे विचारावे. ईआर, पीआर आणि हर-टू ही तिन्ही नसलेला स्तनाचा कर्करोग उलटलाच तर बहुधा पहिल्या तीन वर्षांत उलटतो, आणि पाच वर्षे निभावली की धोका बराच उतरतो. ईआर पॉझिटिव्ह आजार मात्र चिवट असतो. पाच वर्षे हार्मोनची गोळी घेऊन आजारमुक्त राहिलेल्या स्त्रियांचा एक मोठा एकत्रित अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात पुढच्या १५ वर्षांत दूरच्या अवयवात आजार परतण्याचा धोका गाठीचा मूळ आकार, बाधित लसीका ग्रंथी आणि श्रेणी (सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात) यांनुसार १० ते ४१ टक्के इतका आढळला. अस्थिमज्जेसारख्या जागी काही पेशी वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतात. शांत रक्तवाहिन्यांभोवतीचे थ्रॉम्बोस्पॉन्डिन-१ हे प्रथिन त्यांना झोपवून ठेवते आणि नव्या वाहिन्या फुटू लागल्या की त्या जाग्या होतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. गाठ काढून झाली, काही त्रास नाही, तरी गोळी पाच किंवा दहा वर्षे का घ्यायची, या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. ती आपल्या मनाने बंद करू नये. सांधेदुखी किंवा गरमीचे झटके असह्य होत असतील तर तसे स्पष्ट सांगावे, कारण औषध बदलता येते.

आजार उलटलाच तर जुन्या अहवालावर विसंबू नये. मूळ गाठीतील आणि दूरच्या अवयवातील पेशींची प्रथिने काही रुग्णांत जुळत नाहीत: ईआर नाहीसा झालेला असतो किंवा हर-टू बदललेले असते. शक्य असेल तिथे नव्या जागेची बायोप्सी करून ही ओळ पुन्हा लिहवून घ्यावी.

रक्तातील प्रथिनांची वही

सीईए, सीए-१२५, पीएसए ही प्रथिने रक्तात मोजता येतात आणि उपचारानंतरच्या पाठपुराव्यात वापरली जातात. त्यासाठी एक वही करावी आणि प्रत्येक वेळी तारीख, आकडा, एकक, प्रयोगशाळा आणि त्या सुमारास झालेला आजार किंवा उपचार लिहावा. प्रयोगशाळा शक्यतो बदलू नये, कारण निरनिराळ्या यंत्रांवर एकाच रक्ताचे आकडे वेगळे येतात. एका आकड्यापेक्षा तीन-चार आकड्यांचा कल जास्त सांगतो.

आतड्याच्या कर्करोगासाठी सीईए उपयोगी आहे, पण ते धूम्रपानाने आणि यकृताच्या आजारानेही वाढते, आणि केमोथेरपी सुरू झाल्यावर पहिल्या ४ ते ६ आठवड्यांत फसवे वर जाऊ शकते. प्रोस्टेट ग्रंथी पूर्ण काढल्यावर पीएसए जवळजवळ शून्यावर यायला हवे. ते मिलिलिटरला ०.२ नॅनोग्रॅम किंवा अधिक झाले आणि दुसऱ्या तपासणीतही तसेच आले, तर आजार परतल्याची शक्यता धरतात. रेडिएशन घेतलेल्या रुग्णाला हा नियम लागू नाही. तिथे सर्वांत कमी आकड्याच्या वर २ नॅनोग्रॅमने वाढ ही खूण मानतात, आणि मधल्या काळात पीएसए उगाच उसळी मारून खालीही येते.

सीए-१२५ बद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. हा आकडा लक्षणांच्या कित्येक महिने आधी वाढतो, आणि तो वाढताच उपचार सुरू केले तर आयुष्य वाढेल असे कोणालाही वाटेल. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अंडाशयाच्या कर्करोगावरील मोठ्या चाचणीत, केवळ आकडा वाढला म्हणून लगेच केमोथेरपी दिलेल्या स्त्रिया लक्षणांची वाट पाहिलेल्या स्त्रियांपेक्षा जास्त जगल्या नाहीत. त्यांचे चांगले दिवस मात्र लवकर संपले. दर महिन्याला धास्तीने रक्त तपासायचे की नाही, हा म्हणूनच मोकळेपणाने बोलण्याचा प्रश्न आहे. तपासणीआधी ‘हा आकडा वाढला तर आपण काय वेगळे करणार?’ असे विचारावे.

नव्या प्रथिनाची बातमी

‘कर्करोग पसरवणारे प्रथिन सापडले’ अशी बातमी आली की आधी प्रयोग कशावर झाला ते शोधावे: बशीतील पेशींवर, उंदरांवर की रुग्णांवर. एमएमपी विकरांना रोखणारी मारिमास्टॅटसारखी औषधे उंदरांत आशादायक ठरली होती, पण १९९० च्या दशकात सुरू झालेल्या रुग्णांवरील चाचण्यांत बहुतेक निष्फळ ठरली. आजार आधीच पसरलेल्या रुग्णांना ती दिली गेली, सांधे आणि स्नायू दुखू लागले, आणि काही एमएमपी शरीराचे रक्षण करणारी असतात हे नंतर उमगले. ई-कॅडहेरिनबद्दल तर पाठ्यपुस्तकातली समजूतच अपुरी ठरली: ते गेले की पेशी सुटते हे खरे, पण २०१९ साली उंदरांवर आणि मानवी पेशींवर केलेल्या अभ्यासात, स्तनाच्या कर्करोगाच्या काही प्रकारांत दूर जाऊन जगण्यासाठी पेशींना तेच प्रथिन लागते असे दिसले. टीजीएफ-बीटासुद्धा सुरुवातीला वाढ रोखते आणि पुढे तीच गाठ पसरायला हातभार लावते. म्हणून एखादे प्रथिन ‘कमी करणारा’ आहार किंवा पूरक गोळी कोणी सुचवली, तर आजाराच्या कोणत्या टप्प्यात आणि कोणत्या रुग्णांवर ते तपासले, हे विचारावे. उत्तर मिळाले नाही तर ती घेऊ नये, आणि आधीच घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नये.

पुढच्या भेटीला जाताना पेन्सिलीने खुणा केलेली अहवालाची प्रत आणि रक्ताच्या आकड्यांची वही सोबत न्यावी. ज्या नावापुढे तीनपैकी एकही शब्द लिहिता आला नसेल त्याखाली रेघ मारावी, आणि बोलणे तिथूनच सुरू करावे.